बॅकअपचे तास आधी लिहून द्या, मग बॅटरी विका



"सर, सोलर-इन्व्हर्टरचं दुकान टाकायचं आहे, मार्जिन किती सुटतं?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. मार्जिनवर आपण व्हिडिओत बोललो आहोत. आज त्याच्या आधीचा प्रश्न घेऊ. लाईन गेल्यावर घर किती तास चालेल, हे तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगता?

माझं मत आधीच सांगून टाकतो. ते तास कागदावर लिहून द्यायची तयारी नसेल, तर तो सौदा करू नका.

हे मी माझ्याच चुकीतून शिकलो. सिंदेवाहीकडच्या एका गावात रिटायर्ड गुरुजी आहेत. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून त्यांनी माझ्याकडून घरावर ३ किलोवॅट बसवून घेतलं. ७८ हजारांचं अनुदान मिळालं, बिल खाली आलं, गुरुजी खूश. बोलता बोलता मी म्हणून गेलो, "आता लाईटचं टेन्शन संपलं, गुरुजी." जूनच्या पहिल्याच वादळात तारेवर झाड पडलं आणि दोन दिवस लाईन नव्हती. गुरुजींचा फोन आला, "भाऊ, घरावर तीन किलोवॅट आहे, अन् आम्ही कंदील लावून बसलो. हे कसं काय?"

कारण साधं आहे. योजनेत बहुतेक ठिकाणी ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बसतो. लाईन गेली की तो भर उन्हातही बंद होतो, आणि मुद्दामच होतो. नाहीतर घरातली वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाईल. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मिळतं, बॅटरीसाठी वेगळं मिळत नाही. मला हे सगळं माहीत होतं, मी फक्त सांगितलं नव्हतं. नंतर गुरुजींकडे खरेदीच्या भावात इन्व्हर्टर-बॅटरी लावून दिली. त्या ऑर्डरचा नफा गेला, आणि तो जायलाच हवा होता.

आपल्या चंद्रपुरात २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे. तरी जंगलातून जाणाऱ्या तारांवर फांदी पडली की गाव अंधारात. त्यामुळे आपल्याकडचं गिऱ्हाईक सोलर म्हटलं की आधी बिल कमी होईल असं समजत नाही, लाईट जाणार नाही असं समजतं. हा गैरसमज दूर करणं तुमचं काम आहे.

आता हिशेब. वही काढा.

१५० एएच, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १५० गुणिले १२, बरोबर १,८०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. ८० टक्के धरा, राहिले १,४४०. त्यातले पंधरा-वीस टक्के इन्व्हर्टर स्वतः खातो. हातात राहिले साधारण १,२००.

घरातला लोड: ७५ वॅटचे दोन पंखे, ९ वॅटचे चार बल्ब, एक टीव्ही आणि वायफाय. झाले साधारण २५५ वॅट. १,२०० भागिले २५५, म्हणजे पावणेपाच तास. तेही नव्या, पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीवर. बाजारात मात्र हीच बॅटरी "आठ तास आरामात" म्हणून खपते.

आता गंमत बघा. तेच दोन पंखे ३० वॅटचे बीएलडीसी घेतले की लोड १६५ वर येतो आणि बॅकअप सात तासांच्या वर जातो. म्हणून मी आधी पंखा विकतो. गिऱ्हाइकाचा पैसा वाचतो आणि तो दुसऱ्यांदा दुकानात येतो. फ्रिज किंवा आटाचक्की या बॅटरीवर लावतो म्हणाला, तर तिथेच थांबवा.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची.

चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा मे महिना ४६-४७ अंशांचा. पॅनेलचं वॅटेज २५ अंशांवर मोजलेलं असतं. टिनावर बसवलेलं पॅनेल दुपारी ६५ च्या वर तापतं, आणि तेव्हा सुमारे १५ टक्के वीज कमी मिळते. बॅटरीचं तर आणखी वाईट. तापमान १० अंशांनी वाढलेलं राहिलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. तरी लोक ती गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत ठेवतात! खालच्या मजल्यावर, सावलीत, हवा खेळेल अशा जागी ठेवायला लावा. उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटर दर महिन्याला बघावं लागतं. लिथियम बॅटरीला पाण्याची कटकट नाही आणि ती जास्त खोलवर वापरता येते. पण किंमत जास्त, आणि इन्व्हर्टर तिला चालणारा हवा. उन्हापासून तिलाही जपावं लागतं.

"सर, खरं सांगितलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं."

जातं. माझ्याकडूनही गेलं आहे, खोटं कशाला बोलू? पण गुरुजींनी नंतर गावातली चार घरं पाठवली. छोट्या गावात आपलं नाव आपल्या आधी पोहोचतं, चांगलं असो की वाईट.

अन् एक लक्षात घ्या. बॅटरीची विक्री तीन-चार वर्षांतून एकदा होते, पाणी आणि सर्व्हिसचा पैसा दरवर्षी येतो. आत भामरागडकडे धंदा करणार असाल तर सर्व्हिसचा खर्च किमतीत आधीच धरा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो. पाऊस लागायच्या आधी एक फेरी झालीच पाहिजे. एका गिऱ्हाइकासाठी गाडी काढू नका, आठवडी बाजाराच्या दिवशी त्या भागातली सगळी घरं एकत्र करा.

माझ्या दुकानात आता प्रत्येक बिलासोबत एक कागद जातो. त्यावर चार ओळी असतात: कोणता लोड चालेल, किती तास चालेल, दोन-तीन उन्हाळ्यांनंतर किती तास राहतील, आणि पाणी कोण टाकणार. खाली माझी सही.

दुकान उघडायच्या आधी हा प्रयोग घरी करा. बॅटरी पूर्ण चार्ज झाली की मेन स्विच बंद करा, लोड मोजा आणि घड्याळ लावा. हिशेबाने किती तास निघाले, प्रत्यक्षात किती चालले आणि बॅटरी किती जुनी आहे, हे तिन्ही आकडे कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत तुमचेच आकडे घेऊन बसू.