चावण्याचे बळ आणि वेडेवाकडे दात

“नीट चावून खात नाहीस, म्हणून दात असे एकावर एक आले!” वेडेवाकडे दात असलेल्या मुलाला हे वाक्य घरात कधी ना कधी ऐकावे लागते. माझ्या मते हा आरोप अर्धाच खरा आहे.

आधी खरा भाग पाहू. कानाच्या पुढे, गालावर बोटे ठेवून दात घट्ट आवळा. जो स्नायू टणक लागेल तो चावण्याच्या मुख्य स्नायूंपैकी एक. वाढत्या वयात हाडावर जसा ताण पडतो तसे ते घडते, आणि जबडा याला अपवाद नाही. डॅनिएल लीबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हायरॅक्स या सशाएवढ्या प्राण्यावरील प्रयोग प्रसिद्ध केला. काही पिलांना शिजवलेले मऊ अन्न दिले, काहींना कच्चे व सुके. मऊ अन्नावर पोसलेल्यांच्या चेहऱ्याच्या खालच्या व मागच्या भागाची वाढ सुमारे १० टक्क्यांनी कमी भरली. दातांचा आकार मात्र बव्हंशी आनुवंशिकतेने ठरतो. मग आखूड जबड्यात त्यांनी जावे कोठे? एसटीच्या बाकावर तिघांच्या जागी चौघे बसले की एकाचा खांदा पुढे येतोच!

आता उरलेला भाग. ज्याचे बळ कमी त्याचे दात वाकडे, असे सरळ म्हणता येईल काय? अमेरिकेतील विल्यम प्रॉफिट व हेन्री फील्ड्स यांनी चावण्याचे बळ मोजले. लांबट चेहऱ्याच्या प्रौढांत ते इतरांपेक्षा बरेच कमी भरले. पण १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुलांच्या मोजमापात दोन्ही गटांत फरकच दिसेना! चेहऱ्याची ठेवण आधीच निराळी होती. बळातला फरक मागाहून पडला. शिवाय वरखालचे दात नीट जुळत नसले तर जोर लावणेच अवघड जाते. म्हणजे दुबळे चावणे हे कारण नसून परिणामही असू शकते.

आणखी एक गोष्ट. आपण कडकडून चावतो ते क्षणभर. जीभ, ओठ किंवा चोखलेला अंगठा यांचा हलका दाब तासन्‌तास टिकतो आणि तोच दात सरकवतो. दंतवैद्याची तारही हेच करते, जोर थोडा पण अखंड. म्हणून जबडा बळकट करण्यासाठी हल्ली ज्या रबरी गोळ्या विकतात, त्या चघळून वाकडे आलेले दात सरळ होतील यावर माझा विश्वास नाही. आणि अक्रोड दाताने फोडण्याचा पराक्रम तर कोणी करूच नये.

वयाला झेपेल तशी भाकरी, भिजवलेले हरभरे, काकडी, पुढे ऊस हे मुलांच्या खाण्यात जरूर असावे. पण जबडा वाढत असतो त्या वयात, म्हणजे चौथ्या-पाचव्या वर्षी, ताटात दूधभात पडणार की भाकरी, हे ते मूल ठरवत नाही. वाढणारे ठरवतात.