पेरणीचा शब्द, स्थलांतराचा अर्थ

इंग्रजीतील 'सीझन' या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि तेथे त्याचा अर्थ होता पेरणी. फ्रेंचच्या वाटेने तो इंग्रजीत येईपर्यंत पेरणीची क्रिया मागे पडली. पेरणीचा काळ, मग कोणत्याही गोष्टीचा योग्य काळ आणि अखेर वर्षाचा ऋतू, असा त्याचा अर्थविस्तार होत गेला. फळ योग्य काळी पिकते आणि रुचकर होते, या कल्पनेतून पदार्थाला मसाल्याने चव आणणे हाही अर्थ त्याला येऊन मिळाला. ऊनवाऱ्यात वाळून पक्के झालेले लाकूड आणि अनुभवाने मुरलेला माणूस यांनाही इंग्रजीत याच शब्दाचे विशेषण लागते.

मराठीनेही हा शब्द आपलासा केला आहे. आंब्याचा सीझन, लग्नाचा सीझन, क्रिकेटचा सीझन असे आपण सहज बोलून जातो. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीचा संस्कार ज्यांच्या मनावर आहे, ते याला स्वकीय प्रतिशब्द शोधतील. 'हंगाम' म्हणावे, तर तो फारसीतून आलेला. 'ऋतू' हा अस्सल आपला, पण निसर्गाच्या चक्राशी बांधलेला. प्रतिशब्दाचा हा शोध अवश्य व्हावा. परंतु बीड जिल्ह्यात या शब्दाला जो अर्थ चिकटला आहे, तो केवळ शब्द बदलल्याने पुसला जाणार नाही.

बालाघाटाच्या डोंगररांगेतील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांत 'सीझन' म्हणजे ऊसतोडीचे सहा महिने. पर्जन्यछायेतील कोरडवाहू जमिनीत खरिपाची बाजरी-कापूस पदरी पडते न पडते, तोच दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. नवरा-बायकोची जोडी तेथे 'एक कोयता' म्हणून मोजली जाते. माणसाची गणना हत्याराने व्हावी, यापरती भाषेची शोकांतिका कोणती? काम एक दिवस चुकले, तर खाड्याचा दंड. उचल फिटली नाही, तर पुढचा सीझन आधीच गहाण. ज्या शब्दाचा मूळ अर्थ आपल्या रानात बी टाकणे, त्याच शब्दाने येथे आपले रान सोडून जाणे सुचवावे, हा दैवदुर्विलासच होय.

त्याची किंमत किती, हे २०१९ साली उभ्या महाराष्ट्राला कळले. राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या निमित्ताने बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांतही विश्रांती नाही आणि फडावर आडोसा नाही, अशा जगण्याचा हा परिणाम. ज्या मातृशक्तीचा आपण नित्य गौरव करतो, तिच्या वाट्याला हे यावे, ही समाज म्हणून आपणा सर्वांना खाली मान घालावयास लावणारी गोष्ट आहे. मुलांची शाळा तर ऐन सत्रात सुटते आणि पाचटाच्या कोपीत त्यांचे बालपण संपते.

राज्यात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ स्थापन झाले. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली. ही पावले स्वागतार्हच आहेत. मात्र ज्या भगवानबाबांनी शिक्षणाचा आग्रह धरला, त्यांच्या नावाची योजना कागदावर रेंगाळणे हा त्यांचा सन्मान नव्हे. गावात मागे राहणाऱ्या आजी-आजोबांची आणि नातवंडांची काळजी घेणे, मूल शाळेत टिकते की नाही हे पाहणे, ही कामे शासनाइतकीच समाजाचीही आहेत. आणि कायमचा उपाय हवा असेल, तर बालाघाटाच्या उतारावर पडणारे पाणी तेथेच अडले पाहिजे, दुसरे पीक उभे राहिले पाहिजे.

शब्दकोश शब्दांचे अर्थ नोंदवतो, ते घडवतो मात्र समाज. 'सीझन' या शब्दाला बीडच्या मातीत त्याचा पहिला अर्थ, पेरणीचा, पुन्हा मिळवून देणे हे आपले कर्तव्य आहे.