एका कपापुरते गोड

घरातील ज्येष्ठ व्यक्तीला मधुमेह असल्याचे कळले की पहिली बंदी गोडावर येते. डबे उंच फळीवर जातात आणि पुष्कळदा गोड खाणे चोरून सुरू होते. चोरून खाल्लेल्याचे मोजमाप राहत नाही आणि औषधाची मात्रा ठरवणाऱ्या डॉक्टरांनाही ते कळत नाही. म्हणून या अंकात मोजून आणि उघडपणे खाता येईल असा, मायक्रोवेव्हमधील एका कपाचा चॉकलेट केक देत आहोत.

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा, तळोदा, नवापूर येथील कितीतरी घरांत मुले सुरत, नाशिक, पुण्याकडे आहेत आणि मागे दोनच माणसे उरली आहेत. मुलांनी आणून दिलेला मायक्रोवेव्ह दूध तापवण्यापुरताच वापरला जातो. दोघांसाठी अख्खा केक केला तर तो चार दिवस समोर राहतो. कपातील केक मात्र त्याच बैठकीत संपतो.

साहित्य : गव्हाचे व नागलीचे पीठ प्रत्येकी दीड मोठा चमचा, बिनसाखरेची कोको पूड 1 मोठा चमचा, साखर 2 लहान चमचे, बेकिंग पावडर पाव लहान चमचा, तेल 2 लहान चमचे, दूध 4 मोठे चमचे. मोठा चमचा 15 मिलिलिटरचा, लहान 5 मिलिलिटरचा धरावा.

कृती : सुमारे 300 मिलिलिटरचा, सोनेरी वा रुपेरी कड नसलेला चिनी मातीचा कप घ्यावा. त्यात कोरडे जिन्नस एकत्र करून दूध व तेल घालावे आणि गुठळ्या मोडाव्यात. मिश्रण अर्ध्या कपापेक्षा अधिक नसावे. पूर्ण शक्तीवर 60 सेकंद ठेवावे. मध्यभाग ओला दिसल्यास आणखी 10 सेकंद द्यावीत. जास्त वेळ ठेवल्यास केक चिवट होतो. विजेचा दाब कमी असेल तर थोडा अधिक वेळ लागतो.

वरून कोमट वाटला तरी केकच्या पोटात तापलेली वाफ असते. 5 मिनिटे थांबूनच चमचा घालावा. जुन्या मधुमेहात हातांची संवेदना मंदावलेली असू शकते, म्हणून कप जाड फडक्याने धरावा. मायक्रोवेव्ह खांद्याच्या वर ठेवू नये. कोरडा घास अडकत असेल तर केक कोमट दुधात भिजवावा. पातळ पदार्थांनीही ठसका लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास कोकोबाबतही त्यांचा सल्ला घ्यावा. कोकोत थोडे कॅफिन असते, तेव्हा केक रात्री न खाता दुपारी खावा.

या कपात अंदाजे 30 ग्रॅम कर्बोदके आहेत, म्हणजे जवळजवळ एका मध्यम भाकरीइतकी. त्या जेवणातील भाकरी तेवढी कमी करावी. नागलीतून कॅल्शियम चांगले मिळते, पण तिचाही पिष्टमय भाग रक्तात साखरच होतो. गूळ, मध किंवा सातपुड्यातील मोहाची वाळलेली फुले वापरली तरी हिशेब बदलत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नये. इन्सुलिन वा काही गोळ्या घेणाऱ्यांना घाम, थरथर, गोंधळ जाणवून रक्तातील साखर उतरली, तर हा केक देऊ नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या व्यक्तीला 3 लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दूर राहणाऱ्या मुलांना एक सुचवणे : सुट्टीत घरी याल तेव्हा कोरडे मिश्रण एकेका कपाच्या मापाने लहान डब्यांत भरून, वर तारीख लिहून ठेवा. आईवडिलांना मग फक्त दूध आणि तेल घालायचे राहील. आठवड्याला किती डब्या, हे त्यांच्याशी बोलूनच ठरवा.