कॉपी पकडली, पण चोर कोण? – बुद्धिबळाच्या प्रोग्रामांचा एक वाद आणि आपला वर्ग



दर वेळी मी इथे एखादा निबंध नाहीतर पाठाची तयारी घेऊन येते. आज निबंध नाही. निबंधाच्या बाबतीत माझ्याच हातून झालेली एक चूक सांगायची आहे. सांगताना थोडं अवघड वाटतंय, पण तुमच्यापैकी अनेकांच्या वर्गात असं घडत असणार.

मी बोईसरजवळच्या एका गावात चौथीचा वर्ग शिकवते. गेल्या वर्षी मुलांना निबंध दिला होता, 'मी पाहिलेला समुद्र'. विषय मुद्दाम घरचा दिला. आमची निम्मी मुलं किनाऱ्यावरचीच, कुणाच्या घरी बोट, कुणाच्या अंगणात बोंबील वाळत घातलेले. वह्या तपासताना दोन वह्यांत एकच वाक्य आलं, 'सोनेरी वाळूवर बसून मी लाटांशी हितगूच केले.' आता चिंचणी, नांदगावकडची वाळू काळपट, सोनेरी कुठून आली? आणि 'हितगुज'चं 'हितगूच' दोघांकडे सारखंच!

एक वही वर्गातल्या हुशार मुलाची, दुसरी अभ्यासात मागे असणाऱ्या मुलीची. मी क्षणभरही विचार केला नाही. तिला उभं केलं, सगळ्यांसमोर विचारलं, "कुणाची वही बघून उतरवलंस?" ती गप्प. मी गप्प बसण्यालाच कबुली मानलं आणि निबंधावर लाल पेनने शून्य दिला.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. भांडायला नाही आली. मोबाईल पुढे करून एवढंच म्हणाली, "बाई, हा निबंध तुम्हीच पाठवला होता ना पालकांच्या ग्रुपवर? तिने रात्री बसून यातूनच लिहिला."

बघितलं तर खरंच. नमुना म्हणून मीच फॉरवर्ड केला होता. त्यात 'सोनेरी वाळू' होती, 'हितगूच'ही होतं. दोघांनीही माझ्याच निबंधातून घेतलं होतं. आणि 'माझ्या' तरी कसं म्हणू? तो मी दुसऱ्या एका ग्रुपवरून उचललेला. खाली कुणा शिक्षकाचं नाव होतं, ते मी पाठवताना पुसलं होतं. म्हणजे वर्गात एकच उचलेगिरी झाली होती, आणि ती बाईंची होती.

दोन माशांची गोष्ट

हा प्रसंग मनात घोळत असतानाच बुद्धिबळाचा एक जुना वाद वाचनात आला. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला आणि आमच्या मुलांनी पट मागितला. शाळेत दोन पट आले. मुलांना शिकवता यावं म्हणून मीही शिकायला लागले. मोबाईलवर चाली तपासून देणारा प्रोग्राम असतो, त्याला 'इंजिन' म्हणतात. तो कोण बनवतो, हे शोधता शोधता मी या भांडणापर्यंत पोहोचले.

इंजिन काय करतं, हे आपल्या भाषेत सांगते. ते दोन कामं करतं. पुढच्या शक्य चाली एकामागून एक करून बघतं, आणि प्रत्येक स्थितीला गुण देतं. प्याद्याला 1, घोड्याला आणि उंटाला 3, हत्तीला 5, वजिराला 9, हे तर आपणही मुलांना सांगतो. शिवाय राजा किती सुरक्षित आहे, प्यादी एकमेकांना धरून आहेत का, अशा बारीकसारीक गोष्टींचेही गुण असतात. ही मूळ कल्पना क्लॉड शॅनन यांनी 1950 मध्येच लेखात मांडली होती. ती कुणा एकाची मालमत्ता नाही. पण ती कल्पना प्रत्यक्ष ओळीओळीने लिहायची कशी, कशाला किती गुण द्यायचे, यात ज्याची त्याची वर्षानुवर्षांची मेहनत असते.

2005 मध्ये फाबियाँ लेतूझे या फ्रेंच प्रोग्रामरने आपल्या 'फ्रूट' इंजिनाचा सगळा कोड लोकांसाठी खुला केला. परवाना असा की वापरा, बदला, पुढे द्या, पण तुम्ही बनवलेलंही असंच खुलं ठेवा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वासिक राजलिच याचं 'रिब्का' आलं आणि त्याने बाकी सगळ्यांना मागे टाकलं. रिब्का म्हणजे चेक भाषेत 'छोटा मासा'. या छोट्या माशाने 2007 ते 2010 अशी सलग चार वर्षं संगणकांची जागतिक स्पर्धा जिंकली. त्याचा कोड मात्र बंद होता.

मग कुजबुज सुरू झाली. 2011 मध्ये अनेक इंजिनकारांनी मिळून स्पर्धा भरवणाऱ्या आयसीजीए या संघटनेकडे तक्रार केली की रिब्कात फ्रूटमधून उचललेला भाग आहे. स्पर्धेचा नियम साधा होता. प्रोग्राम स्वतःचा हवा, आणि दुसऱ्याचं काही घेतलं असेल तर तसं जाहीर केलेलं हवं. चौकशी समिती बसली. राजलिचने आरोप नाकारला, पण समितीपुढे सविस्तर बाजू काही मांडली नाही. निकाल त्याच्या विरुद्ध गेला. चारही विजेतेपदं काढून घेतली आणि आजीवन बंदी घातली.

आता पुराव्यांतला एक बघा, शिक्षकांना लगेच कळेल. फ्रूटमध्ये वेळ सेकंदांत, दशांश अपूर्णांकात मोजलेला, म्हणून एके ठिकाणी 'वेळ 0.0 पेक्षा कमी नाही ना' असं तपासलेलं होतं. रिब्कात वेळ पूर्णांकात मोजलेला. तिथे साधा 0 पुरला असता. तरीही त्याच जागी 0.0 सापडला, असं तक्रारदारांनी दाखवलं. म्हणजे यांचं 'हितगूच'च! यावर दुसऱ्या बाजूच्या लोकांनी शंका काढल्या, आणि जाणकारांत तो वाद पुढे कित्येक वर्षं चालला.

इथेच मी थबकले. सारखी चूक सापडली तर दोन लिखाणांचं नातं आहे, एवढं कळतं. ते नातं कोणतं, कुणी कुणाकडून घेतलं, दोघांनी तिसऱ्याकडून घेतलं का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. त्या लोकांनी निदान समिती बसवली, काही महिने तपासलं, आरोपीला बोलावलं. मी एका मिनिटात निकाल दिला होता.

आणि एवढं करूनही त्यांचं चुकलंच थोडं. प्रकरण फिडेच्या नीतिमत्ता आयोगाकडे गेलं. 2015 मध्ये आयोगाने आजीवन बंदीच्या मुद्द्यावर आयसीजीएलाच ताकीद दिली. विजेतेपदं काही परत मिळाली नाहीत. म्हणजे दोष एक गोष्ट आणि दोषाला किती शिक्षा, ही दुसरी गोष्ट. आपण वर्गात या दोन्ही एकाच लाल शाईत मिसळतो.

या गोष्टीत आणखी एक गंमत आहे. 2009 मध्ये 'इप्पोलिट' नावाचं एक निनावी इंजिन आलं, तेव्हा हाच राजलिच म्हणत होता की हे माझ्या रिब्कावरून उतरवलंय. आपल्याकडून कुणी घेतलं की चोरी दिसते, आपण घेतलं की तो अभ्यास वाटतो. मला हसू आलं आणि लगेच ते फॉरवर्ड केलेलं पानही आठवलं.

सुक्या माशाने काय शिकवलं

दुसरा मासा 'स्टॉकफिश'. म्हणजे वाळवलेला मासा! सातपाटी-दांडीच्या पोरांना हे सांगितलं तेव्हा वर्ग खो-खो हसला. हे इंजिन 2008 मध्ये मार्को कोस्टाल्बा या इटालियन प्रोग्रामरने सुरू केलं, तेही टोर्ड रोमस्टाड या नॉर्वेच्या प्रोग्रामरच्या 'ग्लाउरुंग' इंजिनावरून. म्हणजे सुरुवातच दुसऱ्याचं घेऊन झाली. पण उघडपणे, नाव सांगून. रोमस्टाड स्वतःही पुढे त्यांच्यात काम करू लागला. आज जगभरातली माणसं त्यात भर घालतात, आणि कुणी काय भर घातली याची नोंद राहते. तुमच्या मोबाईलमध्ये ते फुकट उतरतं.

2021 मध्ये चेसबेस या जर्मन कंपनीने 'फॅट फ्रिट्झ 2' नावाचं इंजिन जवळपास शंभर युरोंना विकायला काढलं. आत बहुतांश स्टॉकफिशच होतं, गुण देणारा भाग तेवढा नव्याने तयार केलेला. विकायला परवान्याची हरकत नव्हती, बरं का! स्टॉकफिशवाल्यांची तक्रार होती ती अटी न पाळल्याची, म्हणजे मूळ कुणाचं हे गिऱ्हाइकाला नीट न सांगण्याची आणि बदललेला भाग पूर्ण खुला न करण्याची. प्रकरण म्युनिकच्या कोर्टात गेलं आणि नोव्हेंबर 2022 मध्ये समझोता झाला. कंपनीने ते इंजिन विकणं थांबवलं, वर्षभर स्टॉकफिशचा कोड विकायचा नाही हे मान्य केलं, आणि पुढे अटी पाळल्या जातात की नाही हे बघायला एक अधिकारी नेमला.

माझ्या मते सगळा धडा इथे आहे. घेण्याला बंदी नव्हतीच. लपवण्याला होती.

आपल्या तारापूर एमआयडीसीतल्या औषध कंपन्यांत काम करणाऱ्या पालकांना हे वेगळं सांगायला नको. 1970 च्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, ते बनवण्याच्या पद्धतीवरच मिळे. म्हणून आपल्याकडच्या कंपन्यांनी तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवलं आणि स्वस्त विकलं. 2005 मध्ये नियम बदलला आणि पदार्थावरही पेटंट मिळू लागलं. म्हणजे काय घेतलेलं चालतं आणि काय नाही, ही रेघ माणसंच ठरवतात, बदलतात. पण रेघ आधी सांगावी लागते. आपण मुलांना ती कधी सांगितली?

गिरवणं, उतरवणं, उचलणं

आपल्या भाषेत यासाठी छान वेगवेगळे शब्द आहेत. मूल आधी गिरवतं. 'अ' गिरवल्याशिवाय 'अ' येत नाही, आणि त्याला कुणी चोरी म्हणत नाही. मग ते फळ्यावरचं उतरवून घेतं, तेही आपणच सांगतो. चौथीपर्यंत ज्या गोष्टीला शाबासकी दिली, तिलाच एके दिवशी अचानक 'कॉपी' म्हणतो. मुलाने ओळखायचं कसं, की आजपासून नियम बदलला?

आणि आपण काय करतो? डी.एड.ला असताना सीनियरचं पाठ टाचण उतरवून दिलेलं माझ्याइतकंच तुम्हालाही आठवत असेल. आजही पीडीएफ येतं, वरचं नाव कापून आपलं टाकलं की काम झालं. पालकांनाही सांगते, प्रदर्शनाचा प्रकल्प दुकानातून आणायचा आणि खाली मुलाचं नाव लिहायचं, हेही त्यातलंच. मूल बघत असतं.

काही जण म्हणतील, "मॅडम, मग सगळेच 'अमक्याकडून घेतलं' असं लिहून मोकळे होतील." बरोबर आहे. म्हणून नुसतं नाव सांगणं पुरत नाही. फॅट फ्रिट्झच्या वेळी तरी लोकांनी काय विचारलं? यात तुमचं किती? तेच मुलाला विचारायचं, रागाने नाही, उत्सुकतेने.

मी आता वर्गात असं करते. नमुना निबंध दिला तर खाली मूळ लेखकाचं नाव ठेवते. नाव माहीत नसेल तर 'लेखक माहीत नाही' असं लिहिते. मुलांनी निबंधाच्या शेवटी एक ओळ लिहायची, 'हे मी यांच्याकडून घेतलं'. आजी, ताई, पुस्तक, मोबाईल, काहीही चालतं, त्याचे गुण कापत नाही. पण निदान तीन वाक्यं अशी हवीत जी दुसऱ्या कुणालाच लिहिता येणार नाहीत. आणि दोन वह्या सारख्या दिसल्या तर दोघांना एकेकटं जवळ बसवून विचारते, "हितगुज म्हणजे काय रे? तू कुणाशी केलंस?" ज्याने समजून घेतलंय तो सांगतो. ज्याने नुसतं उतरवलंय, त्याला तिथेच शिकवता येतं. शून्य देऊन काय शिकवणार?

या पद्धतीला वेळ लागतो, हे मान्य. पस्तीस वह्या, वर ऑनलाइन माहिती भरायची, सर्वेक्षणं वेगळीच. प्रत्येक वेळी मलाही जमत नाही. पण चारचौघांत मुलाला चोर ठरवायचं असेल, तर तेवढा वेळ काढायलाच हवा. वेळ नसेल तर चोर ठरवू नये.

त्या मुलीचं राहिलं. मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तिची माफी मागितली, कारण अपमानही वर्गासमोरच केला होता. शून्य खोडला. तिला म्हटलं, "आता तुझा समुद्र लिही." तिने सहाच ओळी लिहिल्या. त्यात काळी वाळू होती, जाळ्याचा वास होता, आणि बाबा रात्री उशिरा परतले तेव्हा आई दारात उभी होती हे होतं. दोन शब्द अशुद्ध होते. ते तिचे स्वतःचे होते.

इथले निबंध मुलांसाठी घेऊन जाणाऱ्या सगळ्यांना एकच विनंती. जरूर न्या, बदला, वापरा. फक्त खालचं नाव पुसू नका, आणि मुलाला विचारा, "यात तुझं काय घालशील?"

तुमच्या वर्गातला असा अनुभव असेल तर नक्की कळवा. विशेषतः तुम्ही चुकला असाल तो.