बॉनेट माझं, कुलूप कंपनीचं

मी लहान असताना बाबांची प्रीमियर पद्मिनी भिगवणजवळ हायवेवर बंद पडली, की बाबा प्लग काढून पुसायचे, कार्ब्युरेटर साफ करायचे, निघायचे. माझी नवी डिझेल गाडी तिथंच थांबली. गॅरेजवाल्या मामांनी इंजेक्टर बदलला. पण त्याचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरला द्यायला कंपनीचंच सॉफ्टवेअर हवं. गाडी टो करून पुण्याला!

जुनं ते सोनं, असं मी म्हणत नाही. पद्मिनीत ना एअरबॅग, ना एबीएस. २०२३मध्ये ती मुंबईच्या टॅक्सींतूनही गेली, ठीकच झालं. पण ‘हे लॉक तुमच्याच सुरक्षेसाठी’ हे मला सांगू नका. मी स्वतः कोड लिहितो. एअरबॅग उघडावी म्हणून मामांना बाहेर ठेवावं लागत नाही. ठेवतात ते धंद्यासाठी. हप्ते मी भरतोय, तर ते सॉफ्टवेअर भिगवणच्या गॅरेजलाही मिळालंच पाहिजे.