वादळानंतरचें बिऱ्हाड

शहर पाण्याखालीं गेलें असतां पिंजऱ्यांतील जनावरांची विचारपूस कसली करतां, माणसें का थोडीं मेलीं, असें कोणी म्हटलें तर त्याचें तोंड बंद करणें सोपें नाहीं. ता. २९ ऑगस्ट २००५ रोजीं ‘कॅटरिना’ चक्रीवादळानें अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्स शहर गांठलें, बांध फुटले, आणि त्या सबंध आपत्तींत हजाराहून अधिक मनुष्यें प्राणांस मुकलीं. अशा वेळीं माशांसाठीं हळहळणें कित्येकांस सुखवस्तु लोकांचे चोचले वाटतील. आमचें म्हणणें इतकेंच कीं, रानांतील जनावर पूर आला म्हणजे टेकडी गांठतें. ज्याला आपण कोंडलें त्याची ती वाट आपणच बंद केलेली असते.

त्या शहरीं ऑडुबॉन संस्थेचें प्राणिसंग्रहालय उंच जागीं होतें. कांहीं सेवक वादळांतही तेथेंच राहिले, आणि दगावलेलीं जनावरें बोटांवर मोजण्याइतकीं निघालीं. त्याच संस्थेचें मत्स्यालय नदीकांठीं. तेथील इमारत टिकली, परंतु सेवकांना जिवाच्या भीतीनें बाहेर पडावें लागलें आणि मागें जनित्र बंद पडलें. टांकींतील पाणी म्हणजे तळें नव्हे. पंपानें त्यांत हवा खेळवावी लागते, घाण गाळावी लागते. तें थांबतांच हजारों मासे कांचेआड गुदमरून मेले. परतलेल्या सेवकांच्या वांट्यास तें सारें उपसण्याचें काम आलें.

वांचलेल्यांत १९ पेंग्विन होते. पैशाची मदत त्यांना हवीच होती. परंतु पैसा येऊन यंत्रें सुरू होईपर्यंत त्यांनीं राहावें कोठें? कॅलिफोर्नियांतील माँटेरे बे मत्स्यालयानें सप्टेंबरांत त्यांना आपल्याकडे नेलें, आणि पुढील मे महिन्यांत तीं पांखरें स्वगृहीं परतलीं. मत्स्यालयही त्याच महिन्यांत पुन्हां उघडलें. वाड्याला आग लागली असतां धोतरें-लुगडीं देणारा शेजारी उपकारकर्ताच. पण ‘पोरांबाळांसह आमच्या माडीवर या’ म्हणणारा विरळा, आणि आठ महिने तें निभावणारा त्याहून विरळा. शिवाय या पाहुण्यांचीं पथ्यें फार. नवा पक्षी कांहीं दिवस निराळा ठेवावा लागतो, नाहींतर त्याचा रोग यजमानाच्या पांखरांस लागावयाचा. कोणी कोणाला ठाव द्यावयाचा, हें आभाळ स्वच्छ असतांनाच ठरलेलें बरें.

त्याच वर्षीं २६ जुलैस सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हें मुंबईकर वाचक विसरले नसतील. राणीच्या बागेंत २०१६ सालीं आणलेले पेंग्विन गार हवेच्या दालनांत यंत्रांच्या भरंवशावर राहतात. मुलांना घेऊन तेथें जाणें झालें, तर पक्ष्यांच्या गमती पाहून झाल्यावर तेथील माणसास आमच्या वतीनें दोन गोष्टी विचाराव्या: वीज गेली तर जनित्राला तेल किती तासांचें आहे, आणि वेळ आलीच तर हे पक्षी कोणाच्या माडीवर जावयाचे?