घरचा जमाखर्च : शेअर्स वेगळे, रोकड वेगळी

भगिनींनो, वाण्याचं बिल, दुधाचा रतीब, मोलकरणीचे खाडे आपल्याला तोंडपाठ असतात. पण ‘शेअर्समध्ये किती आहेत?’ असं कुणी विचारलं, की आपण ‘ह्यांना विचारा’ म्हणून मोकळ्या होतो! उद्या सांगायला ‘हे’ जवळ नसले तर? हल्ली पुष्कळ घरांत जमाखर्च संगणकावर असतो. ग्नूकॅशसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यातच हा हिशेबही बसवावा.

पहिली गोष्ट : शेअर घेणं हा खर्च नव्हे. पैसे देऊन सोनं आणलं तरी ऐवज घरातच राहतो ना, तसंच हे. म्हणून ‘गुंतवणूक’ या खात्याखाली दोन पोटखाती उघडा. एक दलालाकडे पडून असलेल्या रोकडीचं, दुसरं शेअर्सचं. त्यात प्रत्येक कंपनीला वेगळं पान द्या.

समजा, बँकेतून दलालाकडे ५०,००० रुपये पाठवले. ही फक्त इकडची रक्कम तिकडे. त्यातून ८०० रुपये भावाने ४० शेअर्स घेतले, म्हणजे ३२,००० रोकडीतून शेअर्सकडे गेले. दलाली व कर मिळून ६० रुपये लागले, तेवढाच खरा खर्च. रोकड उरली १७,९४०. पुढे लाभांश ४०० रुपये आला. तो थेट बँकेत जमा होतो, म्हणून बँकेच्या खात्यात उत्पन्न म्हणून मांडा. भाव ८५० झाला, तर शेअर्सची किंमत ३४,०००. पण हे वाढलेले २,००० विकेपर्यंत कागदावरच! बोनस शेअर आले, तर नुसती संख्या वाढवा, रोकडीला हात लावू नका.

महिनाअखेरीला ताळा घ्या. एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून येणाऱ्या एकत्रित पत्रकाशी शेअर्सची संख्या जुळवा. व्यवहार झाला असेल त्या महिन्याचं ते ईमेलवर येतं. मात्र दलालाकडची रोकड त्यात दिसत नाही! ती दलालाच्या खातेउताऱ्यावरूनच पाहावी लागते. नियमाप्रमाणे पडून असलेले पैसे दलालाने आपण निवडल्याप्रमाणे दर महिन्याला किंवा दर तिमाहीला बँकेत परत करायचे असतात. तेही आले का, बघा.

आणि हो, डीमॅट खात्यावर नॉमिनी म्हणून कुणाचं नाव नोंदवलंय, हे आज रात्री जेवणं झाली की ह्यांना विचाराच. नोंदवलं नसेल, तर त्याच बैठकीत फॉर्म भरून टाका.